टू-एसमधला इलेक्ट्रॉन

शनिवार, तीस ऑगस्ट, संध्याकाळ. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरमधलं आमचं क्वार्टर, पुढची खोली. हजर: मी, माझे यजमान, आमची मुलगी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात, आणि माझ्या धाकट्या दिरांची मुलगी, म्हणजे आमची पुतणी. तिची नागरी सेवांची मुख्य परीक्षा चालू होती आणि सगळं घर तिच्या वेळापत्रकावर चाललं होतं. गैरहजर: दीर आणि जाऊबाई. ते उमरग्याला. दिरांची नोकरी एसटी डेपोत, सणाच्या दिवसांत रजा मिळत नाही.

ऑफिसात मी बैठकांची इतिवृत्तं लिहिते, म्हणून हातून असंच लिहिलं जातं. पण ती संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची दुपार मला मुद्दाम क्रमाने मांडायची आहे, कारण मनात ती क्रमाने येत नाही. आधी बंद झालेलं दार येतं, मग बाकीचं.

पुतणीचा हा शेवटचा प्रयत्न होता. वयाची मर्यादा संपत होती, पुढच्या वर्षी अर्जच भरता येणार नव्हता. मागच्या वर्षी मुख्य परीक्षेत तिची मुलाखत अगदी थोडक्यात हुकली. गेली काही वर्षं ती करोल बागेत, कपड्यांच्या दुकानांवरच्या मजल्यावर, प्लायवूडच्या भिंती घालून केलेल्या खोलीत राहत होती. शेजारच्या मुलीने कूस बदलली तरी हिची कॉट हलायची. परीक्षेपुरतं मी तिला घरी आणलं, मुलीच्या खोलीत टेबल लावून दिलं आणि फ्रिजवर कागद चिकटवला: उठणं, जेवण, उजळणी, झोप, गाडी किती वाजता काढायची.

तिचा ऐच्छिक विषय भौतिकशास्त्र, आणि उत्तरं मराठीत. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत येते, उत्तर मराठीत लिहिता येतं. फिजिक्स घेऊन असं करणारं आमच्या माहितीत दुसरं कोणी नव्हतं. यजमानांनी सुरुवातीला तिला विचारलंही होतं, "अगं, बी.एस्सी.ची पुस्तकं तर इंग्रजीत होती ना?"

"पुस्तकं इंग्रजीत होती काका, पण कळलं सगळं मराठीत," ती म्हणाली होती.

तिची पद्धत अशी की पुस्तकातला भाग वाचायचा, स्वतःच्या मराठीत उतरवायचा आणि मग पुस्तक मिटायचं. त्यानंतर फक्त आपलं लिहिलेलं वाचायचं. मीही कधीकाळी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं. मग मंत्रालयात लागले आणि त्या एम.एस्सी.चा उपयोग मुलीच्या दहावीपुरता झाला. पुतणी आल्यापासून मात्र रोज संध्याकाळी मी तिला प्रश्न विचारत होते. मला ते आवडत होतं, हेही नोंदवते.

त्या शनिवारी ती भाषेचे पेपर देऊन आली. ते सोपे असतात, नुसते पास व्हायचे. रविवारी फिजिक्सचे दोन्ही पेपर होते, सकाळी पहिला, दुपारी दुसरा. अणूंचं प्रकरण दुसऱ्या पेपरात येतं, आणि ते तिचं सगळ्यात पक्कं होतं. चहा आणि दडपे पोहे झाल्यावर आम्ही बसलो. मुलगी सोफ्यावर फोन घेऊन लोळत होती.

"निवड नियम सांग," मी म्हटलं.

"आई, सिलेक्शनचे पण रूल्स असतात? मग ताईला आधीच पाठ करायला सांगायचे ना," मुलगी म्हणाली.

"अणूचं सिलेक्शन आहे ते. तू गप बस."

पुतणी हसली. त्या दिवसांत ती हसली की घरातले आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो.

हे प्रकरण मुळात अवघड नाही. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो आणि उतरताना प्रकाश सोडतो. त्या प्रकाशाची वर्णपटात एक रेषा उमटते. पण कुठूनही कुठेही उतरायची सोय नसते. प्रकाशाचा कण निघताना कोनीय संवेगाचा एक हिस्सा बरोबर घेऊन जातो, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या हिशोबात, 'एल' नावाच्या आकड्यात, तेवढा फरक पडावाच लागतो. फरक पडत असेल तर ते संक्रमण अनुमत, आणि ती रेषा ठळक. पडत नसेल तर निषिद्ध.

"निषिद्ध संक्रमण मतलब?" मुलीने विचारलं. "लॉकडाऊनसारखं? इन्फेक्शनला बंदी?"

"संक्रमण म्हणजे ट्रान्झिशन गं," पुतणी म्हणाली. "आणि निषिद्ध म्हणजे फॉरबिडन."

"अच्छा. मग तसं लिही ना यार."

मी पुढचा प्रश्न विचारला. "हायड्रोजन. टू-एस पातळीवरून वन-एसवर?"

"निषिद्ध."

"का?"

"दोन्हीकडे एल शून्य. एल एकाने बदलायलाच पाहिजे, तो बदलत नाही. गणित केलं तरी तेच. संक्रमणाचं बळ ज्या इंटिग्रलवरून काढतात, त्यात अणूच्या एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूला बरोबर खोडून टाकतो. उत्तर शून्य."

"छान. मग टू-एसमधल्या इलेक्ट्रॉनचं काय होतं?"

"काय होणार? तिथेच राहतो. खाली येत नाही."

"येतो," मी म्हटलं.

"निषिद्ध आहे ना काकू."

तिची वही माझ्या मांडीवर होती. त्या पानावर तिच्या सुंदर, गोल अक्षरात तेच वाक्य होतं: निषिद्ध संक्रमणे घडत नाहीत. माझ्या हातात पेन होतं. चुकीच्या मसुद्यावर हात आपोआप जातो तसा गेला. मी 'घडत नाहीत'वर काट मारली आणि वर लिहिलं: 'अतिशय क्वचित व सावकाश घडतात'.

"हे बघ," मी म्हटलं, "बंदी आहे ती एका वाटेवर. सगळ्यात रुंद वाट, द्विध्रुवाची, तेवढी बंद. बाकीच्या अरुंद वाटा असतातच. टू-एसमधला इलेक्ट्रॉन एकाऐवजी दोन फोटॉन मिळून सोडतो आणि उतरतो. शेजारच्या टू-पीमधला सेकंदाच्या एक-दोन अब्जांश भागात उतरतो, ह्याला सेकंदाचा आठवा हिस्सा लागतो. अणूच्या मानाने ते युग झालं. पण उतरतो. रेषेचं बळ कमी म्हणजे एवढंच, की घटना दुर्मीळ. पुस्तकात पुढच्याच परिच्छेदात असेल."

ती माझ्या अक्षराकडे बघत होती.

"पुढचा परिच्छेद मी उतरवला नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "आमच्या आईच्या तोंडी असतो हा शब्द. चातुर्मासात वांगं निषिद्ध. म्हणजे घरात वांगं येत नाही. क्वचित आणि सावकाश येतं, असं नाही ना काकू."

मुलगी खो-खो हसली. मीही हसले. पुतणी हसत नव्हती.

"मागच्या वर्षी पेपरात होता हा प्रश्न. टू-एस ते वन-एसवर भाष्य करा. मी दीड पान लिहून आले. इलेक्ट्रॉन कायमचा अडकतो म्हणून. वर उदाहरण दिलं."

"कसलं उदाहरण?" यजमानांनी विचारलं. ते तोवर वर्तमानपत्र वाचत होते.

"बंद दाराचं."

"अगं, एका प्रश्नाने काय होतंय?"

"काका, थोडक्यातच गेलं होतं ना."

यजमानांनी पेपराची घडी केली. मी म्हटलं, बरं झालं आज कळलं, उद्या आलाच तर बरोबर लिहिशील. ती "हो काकू" म्हणाली, वही घेतली आणि आत गेली. फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे ती वेळेवर जेवली आणि वेळेवर झोपायला गेली. मला वाटलं, विषय संपला.

रविवारी तिला सोडायला आम्ही दोघं गेलो. केंद्र मध्य दिल्लीतल्या एका शाळेत होतं. यजमान गाडी लावायला जागा शोधत लांब गेले ते तिकडेच थांबले, मी डबा, पाणी आणि चटई घेऊन फुटपाथवर जांभळाच्या झाडाखाली बसले. आजूबाजूला आईबापांची जत्राच होती. शेजारी घडीच्या स्टुलावर हरियाणातले एक काका होते, मुलाला घेऊन आलेले. त्यांनी मला विचारून टाकलं, "कौन सा अटेंप्ट है बिटिया का?" मी सांगितलं. ते "राम राम" म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही.

बाराला पोरं बाहेर आली. पुतणी सगळ्यांच्या शेवटी, पेन अजून हातात धरून. चटईवर बसली, मी पुढे केलेलं पाणी घेतलं.

"कसा गेला?"

"सोडा काकू."

मी सोडलं. आधी डबा उघडला. तिने मेथीच्या पराठ्याचे दोन घास खाल्ले आणि मग स्वतःच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"पहिल्याच उत्तरात सिस्टिमबद्दल लिहिलं, 'निकाय स्थिर आहे'. आणि वाटलं, स्थिर म्हणजे काय? हलतच नाही, की हलून परत जागेवर येतं? मला माहितीये हो ते. पण तिथे वाटलं, हेही मी माझ्या मनाचंच धरलं असेल. मग 'आदर्श वायू'. आदर्श म्हणजे काय, चांगला? प्रत्येक शब्दापाशी थांबले. हा शब्द तरी मला खरा माहितीये का? शेवटचे दोन प्रश्न तसेच राहिले."

"दोनच ना? दुसरा पेपर तुझा पक्का आहे."

"काल संध्याकाळपर्यंत होता."

मग तिने पेनाला टोपण लावलं. "मी आत जात नाही, काकू."

मला माणसांचा, गाड्यांचा, सगळ्याचा आवाज एकदम जवळून यायला लागला. दोनला दार बंद होणार होतं. मी मनातल्या मनात मुद्दे लावले, जसे वरिष्ठांसमोर जाताना लावते. एकेक करून मांडले. पेपर अर्धा सोडवला तरी न देण्यापेक्षा बरा. परीक्षक कडक असला तरी सगळ्यांनाच कडक. मागच्या वर्षी चूक झाली, तरी इतकी जवळ पोचलीस. तिने सगळं शांतपणे ऐकलं. ऐकते आहे एवढं पाहून मी शेवटचा मुद्दा काढला, आणि तो मला सगळ्यात भारी वाटत होता.

"निषिद्ध म्हणजे अशक्य नव्हे. हेच तर काल शिकलीस ना?"

तिने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं.

"काल नंतर मी तो परिच्छेद वाचला, पुस्तकातला. पुढचाही वाचला. ऑक्सिजनची हिरवी रेषा, निषिद्ध. तिला पाऊण सेकंद लागतो. तांबडीला तर जवळजवळ दोन मिनिटं. दिसतात कुठे? ध्रुवाकडच्या आकाशात, शंभर-दोनशे किलोमीटर वर. इथे का दिसत नाहीत? ऑक्सिजन तर इथेही आहे."

मला उत्तर माहीत होतं.

"इथे गर्दी आहे," तीच म्हणाली. "वर हवा इतकी विरळ की अणूला कोणी धक्का मारत नाही, तो दोन मिनिटं थांबू शकतो. इथे क्षणाक्षणाला दुसरे येऊन आदळतात. प्रकाश सोडायच्या आतच त्याच्याजवळ होतं ते धक्क्यात जातं. नियम त्याला अडवत नाही काकू. वेळ मिळत नाही. मी करोल बागेत राहून वर थांबले. पप्पांना म्हटलं अजून एक वर्ष, अजून एक वर्ष. किती थांबायचं? कालचा तेवढा एक धक्का..."

ती तिथे थांबली. वाक्य पुरं केलं नाही. कोणाचा धक्का, ते दोघींना कळलं.

"ऊर्जा फुकट जात नाही," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. "हवा गरम होते तिने."

"होते ना. दिसत नाही, इतकंच."

अशा वेळी तिचं म्हणणं बरोबर असल्याचाच राग येत होता मला. ती चुकीचं बोलली असती तर मला खोडता आलं असतं. भौतिकशास्त्र तर अचूक होतं, आणि ते तिने माझ्यापेक्षा स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. हेच आत जाऊन कागदावर उतरव, एवढंच मला हवं होतं.

"मग हेच लिही," मी म्हटलं. "आत्ता बोललीस ते. जशाच्या तसं. दुसरं काही लिहू नकोस. एवढं एक बरोबर लिहून बाहेर ये."

"आणि तो प्रश्नच आला नाही तर?"

"तर... कशाच्याही उत्तरात घाल."

त्याला ती हसली, अगदी थोडी. शेजारचे काका मराठी न कळूनही सगळं समजले होते. ते म्हणाले, "बेटा, कोरा पेपर ही देना है तो अंदर जाके दे। पंखा तो मिलेगा। यहाँ धूप में बैठ के क्या मिल रहा है, मच्छर?"

"जी अंकल," ती म्हणाली, आणि उठली.

तोवर दोन वाजत आले होते. मी तिचं प्रवेशपत्र दिलं, पाण्याची बाटली दिली, ओढणीला लागलेलं जांभळाचं वाळकं पान काढलं. ती बॅरिकेडपर्यंत गेली. तिथे पोलीस एकेकाचं प्रवेशपत्र बघून आत सोडत होते. मागून मुलं घाईने येत होती. तिने एकाला पुढे जाऊ दिलं. मग एका मुलीला. मग आणखी दोघांना. मला वाटलं, सभ्यपणा आहे, तिची सवयच ती. मग लक्षात आलं की ती सगळ्यांनाच पुढे सोडते आहे.

मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. मी चप्पल न घालता तशीच पळाले.

"मैडम, पेरेंट्स पीछे रहिए," शिपाई म्हणाला.

"भैया, इसका पेपर है। इसको अंदर लीजिए।"

"तो आए ना। हमने कब रोका है? आइए मैडम, दो मिनट हैं।" त्याने वाट मोकळी करून दिली, हाताने खूण केली. चांगला माणूस होता.

ती प्रवेशपत्र समोर धरून उभी होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ढकलावं का? एका हाताचं काम होतं. ती माझ्यापेक्षा हलकी आहे, दोन पावलं तर टाकलीच असती तिने. पण पाठ दगडासारखी घट्ट होती, आणि माझा हात तिथे नुसता राहिला. शिपायाने घड्याळ पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं, "मैडम?" म्हणाला. आतून कोणीतरी ओरडलं. दार सरकलं.

ते पुरतं लागल्यावर ती म्हणाली, "काकू, तुमच्या चपला."

आम्ही गाडीत बसलो. यजमानांनी आरशातून दोनदा मागे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी गाडी काढली. घरी मुलीने दार उघडलं आणि विचारलं, "इतक्यात? दुसरा कॅन्सल झाला का?" पुतणी म्हणाली, "हो, माझा झाला," आणि आत जाऊन कपडेही न बदलता आडवी झाली. मुलीला मी स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. तिने एरवी शंभर प्रश्न विचारले असते. त्या दिवशी ती सरळ आत गेली, दार लोटून घेतलं आणि ताईच्या शेजारी जाऊन पडली.

आज सोमवार. मी रजा टाकली आहे. पुतणी सकाळी उठली, अंघोळ केली, चहा घेतला. जेवायला काय करू विचारलं तर म्हणाली, "काहीही." मी करोल बागेतल्या खोलीचं सामान कधी आणायचं ते विचारायला गेले आणि न विचारता परत आले. दुसऱ्या पेपरची प्रश्नपत्रिका तिच्या एका मैत्रिणीने मुलीच्या फोनवर पाठवली आहे. मुलीने विचारलं, "आई, बघायची?" मी नको म्हटलं. तो प्रश्न आला असेल तर काय करणार, आणि आला नसेल तरी काय?

फ्रिजवरचा कागद मी काढला. जागा रिकामी दिसते म्हणून तिथे दुसरा लावला आहे: दळण, गॅसचा नंबर, मुलीची फी. हात चालू राहिला तर बरं वाटतं.

काल संध्याकाळी पेपर सुटायच्या वेळेला दिरांचा मेसेज आला. ड्यूटीवरून पाठवलेला, घाईतला. 'वहिनी, दुसरा कसा गेला? तिचा फोन बंद येतो. थकली असेल, झोपू द्या. तुम्ही दोन शब्द कळवा.' त्यांनी मग रात्री एकदा आणि आज सकाळी एकदा फोन केला. दोन्ही वेळा मी उचलला नाही. पुतणी म्हणते, मी सांगीन, पण आज नको. यजमान म्हणतात, भाऊ माझा असला तरी तू नीट सांगशील. मी सकाळपासून तीनदा लिहायला घेतलं. 'भावजी, ती दुसऱ्या पेपरला' एवढं होतं, आणि पुढचा शब्द कोणता घालायचा ते ठरत नाही. बसली नाही, की बसू शकली नाही, की गेली नाही. तिन्हींचे अर्थ उमरग्याला वेगवेगळे लागतील.

ते कळवायचं अजून बाकी आहे.